धुळ्याहून येताना सुटलेली बिडी

माझ्या गाडीच्या ड्रायव्हरची बिडी सोडवण्यासाठी मी सलग सात गुरुवार धुळ्यातल्या एका संमोहनवाल्याच्या खोलीत बसले, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याने विचारलं असतं, माझा तंबाखू सोडवायला कुठे गेली होतीस? त्याचं बरोबर आहे. पण त्याच्या भरवशावर पंचेचाळीस माणसं झोपा काढत नाहीत.

मी लाल बसवर कंडक्टर आहे. वीस वर्षं झाली. आता टाचा दुखतात आणि मान एकाच बाजूला नीट वळते, पण काम येतं. सकाळी साडेसहाला जळगाव सोडायचं, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत नऊच्या सुमारास धुळ्याला पोचायचं. तिथे एक तास वीस मिनिटं थांबा, मग त्याच रस्त्याने परत. दुपारी जामनेरची एक फेरी मारली की सुट्टी. साडेसहाच्या गाडीसाठी मी चारला उठते. घरी परतल्यावर भांडी असतात, सासूबाईंच्या गोळ्या असतात. माझी तक्रार नाही. पुढचं समजावं म्हणून सांगितलं.

ड्रायव्हर दोंडाईच्याकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही. पंचावन्नचे आहेत. चार वर्षं आमची जोडी होती. त्यांनी कधी प्रवाशाला शिवी दिली नाही आणि माझ्याआधी डबा उघडला नाही. घरी सून आणि नातू असल्याने घरात बिडी ओढत नसत, त्यामुळे दिवसाच्या सगळ्या बिड्या ड्यूटीवरच व्हायच्या. गाडी चालवताना नाही, तो नियम त्यांनी पाळला. पण गाडी स्टँडला लागली की हे खाली. एरंडोलला एक, पारोळ्याला दोन, धुळ्यात मोजायची सोय नव्हती. मी डबल बेल द्यायची, प्रवासी ओरडायचे, आणि भाऊ चपलेखाली थोटूक विझवत, खोकत केबिनमध्ये चढायचे.

खोकला जुनाच होता. त्याची आम्हाला सवय झाली होती. होळीनंतर एके दिवशी परत येताना मुकटी सोडली आणि तो सुटला. मी पुढे उभी राहून तिकिटं देत होते. भाऊ खोकायला लागले ते थांबेनात. डोळे मिटले, डोकं स्टिअरिंगपर्यंत खाली गेलं, आणि गाडी डांबर सोडून बाजूच्या मुरमावर उतरली. समोरून सिमेंटचा टँकर हॉर्न दाबत गेला. मग भाऊंनी चाक ओढलं, गाडी रस्त्यावर आली. मागच्या सीटवरची एक म्हातारी एवढंच म्हणाली, "रस्ता खराब शे बाई." बाकी कोणाला काही कळलं नाही.

मी बेल मारून गाडी बाजूला घ्यायला लावली.

"खोकला होता, ताई," भाऊ म्हणाले.

"मला दिसलं."

"पाणी प्यायलो की बरं वाटेल."

पारोळ्याला उतरून ते पाणी प्यायले आणि त्यावर त्यांनी बिडी पेटवली. तेव्हा मी जाऊन सांगितलं, "भाऊ, दोन महिने देते. बिडी सोडा. नाही सोडली आणि असं परत झालं, तर मी आगाराच्या मोठ्या साहेबांना जाऊन सांगेन."

"मला तीन वर्षं राहिली, ताई. स्टिअरिंगवरून उतरवतील."

"मागे बसलेल्यांनाही राहिली असतील काही वर्षं."

ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बठ्ठं सोडसू, पन बिडी नई. मना हातमा नई शे ते."

बाकी सगळं सुटेल, बिडी नाही, हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी चॉकलेटं चघळून पाहिली होती, लवंग पाहिली होती. आदल्या वर्षी श्रावणात कानबाई देवीची शपथ घेतली होती, ती पोळ्याला मोडली. छातीच्या डॉक्टरने फवारा दिला होता. तो खिशात बिडीच्या बंडलाशेजारी राहायचा.

खरं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चार वर्षं एका डब्यातलं लोणचं खाल्लेल्या माणसाचं नाव घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभं राहायचं त्राण त्या दिवशी माझ्यात नव्हतं. म्हणून दोन महिन्यांची मुदत काढली. ती त्यांच्यासाठी होती तेवढीच माझ्यासाठीही होती.

संमोहनवाल्याचा पत्ता गाडीतच होता. केबिनच्या मागच्या पत्र्यावर लोक जाहिरातींचे कागद चिकटवतात आणि ते खरवडायचं काम शेवटी माझ्याकडे येतं. मूळव्याध, कर्ज, वशीकरण. एका पिवळ्या कागदावर होतं, बिडी, सिगारेट, गुटखा औषधाशिवाय सोडा, संमोहन. पत्ता धुळ्याच्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरचा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण आमच्याकडे एक तास वीस मिनिटं होती आणि बाकीचं सगळं करून झालं होतं. अर्धा कागद खरवडलेला तसाच ठेवून मी फोन लावला.

हे संमोहनवाले साहेब कॉलेजातून निवृत्त झालेले होते, मानसशास्त्र शिकवायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी सलूनची जुनी खुर्ची टाकली होती, मागे कलणारी. भाऊ त्या खुर्चीकडे बघून दारातच थांबले.

"ताई, तुम्ही पण बसा आत. झोपेत काही बोलून गेलो तर?"

"काय बोलणार आहात?"

"तेच तर माहीत नाही."

मग मी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. साहेबांना आधी एकच विचारलं, "हा माणूस इथून उठून पंचेचाळीस माणसं जळगावला नेणार आहे. पूर्ण जागा होतो ना?"

"मॅडम, ही झोप नसते. हे लक्ष एका जागी आणणं असतं. गाडी चालवताना ते करतातच."

साहेबांनी पंखा बारीक केला आणि दहापासून उलट मोजायला सुरुवात केली. आवाज चांगला होता, एका पट्टीतला. पायऱ्या उतरताय, खाली बगीचा आहे, हिरवळ आहे, शरीर जड होतंय. मी सातपर्यंत टिकले. त्यानंतरचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा साहेब टाळी वाजवत होते आणि भाऊ टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

"ताई झोपल्या," ते साहेबांना म्हणाले. "मला काही झालं नाही. बगीच्यात मी कधी गेलेलोच नाही, साहेब. काय बघू?"

साहेबांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "मग डोळे मिटल्यावर काय दिसतं?"

"रस्ता दिसतो."

पुढच्या गुरुवारी साहेब वही घेऊन बसले. रस्त्यावरचे थांबे एकापाठोपाठ एक कोणते, ते मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. पायऱ्या आणि बगीचा काढून टाकला. आता भाऊ मनातल्या मनात गाडी काढणार, आणि प्रत्येक थांब्यावर बिडीची इच्छा पॅसेंजरसारखी खाली उतरणार. फागण्याला थोडी, मुकटीला थोडी, पारोळ्याला निम्मी. जळगावला गाडी रिकामी. मला हे बरं वाटलं, कारण कळण्यासारखं होतं. पण फागणे येईपर्यंत मी परत झोपले होते. लपवत नाही, त्या खोलीतली वीस मिनिटं ही माझ्या आठवड्यातली सगळ्यात चांगली झोप होती. कोणी हाक मारत नव्हतं आणि आवाज माझ्याकडून काही मागत नव्हता.

भाऊंच्या डोळ्यांतून मात्र या वेळी पाणी आलं होतं. साहेब म्हणाले, लागली तंद्री. स्टँडवर येईपर्यंत मी भाऊंना प्रश्न विचारत होते. आज वार कोणता, गाडीचा नंबर काय, डिझेल किती भरलं.

"तुमी मनी परीक्षा लेतस का?" ते वैतागले.

"हो. नातवाचं वय सांगा."

त्या दिवशी पारोळ्याला ते खाली उतरले, बाथरूमला जाऊन आले आणि चढून बसले. एरंडोलला उतरलेच नाहीत. मी पैसे मोजत बसले. बोललं की आठवतं. दुसऱ्या दिवशीही परतीच्या रस्त्यावर एकही नाही. पण सकाळी जाताना एरंडोलला एक, पारोळ्याला दोन, सगळं पूर्वीसारखं.

"भाऊ, काय चाललंय? थट्टा आहे का?"

"ताई, देवाची शपथ. येताना आठवतच नाही. जाताना आठवते. मला काय कळतंय?"

आठवडाभर हेच. धुळ्याहून येताना शून्य, जळगावहून जाताना, धुळ्यातल्या धरून, पाच-सहा. डेपोत बातमी फुटली होतीच. एक ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तुमची बिडी वन-वे आहे का?" दुसरा मला म्हणाला, "अक्का, तुमचा ड्रायव्हर झोपेत गाडी चालवतो म्हणे." मी म्हटलं, तुम्ही जागे असून जेवढी ठोकलीत तेवढी त्यांनी अजून ठोकलेली नाही.

सकाळी फागण्याला गाडी थांबलेली असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी साहेबांना थांबे सांगितले ते खोलीत बसून, धुळ्यापासून. फागणे, मुकटी, पारोळा. त्यांनी त्याच क्रमाने लिहून घेतले आणि भाऊंना मनातल्या मनात फक्त जळगावकडे नेलं. जातानाचा रस्ता कोणी घेतलाच नव्हता. आणि मी जागी असते तर ते तिथेच लक्षात आलं असतं.

गुरुवारी साहेबांना सांगितलं तर ते हसले. "मॅडम, मन असं रस्त्यासारखं नसतं."

"यांचं असतं. तीस वर्षं जाणं वेगळं आणि येणं वेगळं केलंय त्यांनी. एरंडोलची चढण येताना कुठे लागते आणि जाताना कुठे, विचारा."

भाऊ खुर्चीतून म्हणाले, "बरोबर शे ताईंचं."

साहेबांनी वही उलटी धरल्यासारखी खालून वर वाचली आणि त्या दिवशी जळगावहून धुळे केलं. मी चिमटे काढत जागी राहिले. जामनेरचा रस्ताही चौथ्या गुरुवारी त्याच खुर्चीत उरकला. त्यानंतर तीन आठवडे भाऊंनी बिडी ओढली नाही. मी त्यांच्या खिशाकडे, बोटांकडे, डोळ्यांकडे बघत असायचे. तेही थकवणारंच काम आहे. खोकला सुरुवातीला वाढला, मग उतरला. सुनेने एकदा स्टँडवर येऊन मला मेथीचे लाडू दिले. डबा मात्र परत मागितला.

मुदत संपायला अकरा दिवस होते.

त्या सकाळी पारोळ्याच्या पुढे ट्रक आडवा झाला होता. पोलिसांनी पाळधीलाच गाड्या वळवल्या. धरणगाव, अमळनेर करून धुळ्याला जा म्हणाले. भाऊंनी गाडी वळवली आणि मी मागे लोकांना समजावत बसले. कोणाची तारीख होती, कोणाचा दवाखाना. एक बाई म्हणाली, मी एरंडोलची आहे, मला अमळनेरला नेऊन काय करणार? भांडणात माझं समोर लक्ष नव्हतं.

अमळनेरच्या स्टँडवर गाडी लागली आणि भाऊ उतरले. पूर्वी दहा वर्षं ते याच रस्त्यावर होते. बाहेरच्या टपरीवाल्याने त्यांना लांबूनच हाक मारली. मी नोंद करून बाहेर आले तेव्हा भाऊ टपरीच्या मागे उभे होते आणि दुसरी संपत आली होती. चेहरा अगदी शांत होता. चोरी करतोय असंसुद्धा दिसत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी हातातल्या बिडीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणी तिथे ठेवली होती.

"हाऊ आपला रस्ता नव्हता, ताई," ते म्हणाले.

चला, उशीर झालाय, एवढंच म्हटलं.

अमळनेर सोडून अर्धा तास झाला असेल. खोकला आला आणि मला लगेच कळलं, हा तसलाच आहे. मी केबिनपाशी पोचेपर्यंत त्यांची मान खाली गेली होती. समोर रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन चालला होता. मी बेल मारली नाही, त्यांच्या खांद्यावर जोरात बुक्की मारली आणि ओरडले, "ब्रेक!" त्यांनी ब्रेक दाबला. उभे असलेले लोक एकमेकांवर पडले. गाडी थांबली तेव्हा सायकलवाला पाच-सहा हातांवर होता. त्याने मागे वळून पाहिलं, शिवी दिली आणि भारा सावरून पुढे गेला. त्याच्या दृष्टीने तेवढंच झालं होतं.

या वेळी लोकांना कळलं. मी सांगितलं, गाडीत बिघाड आहे. मागून येणाऱ्या गाडीत सगळ्यांना बसवलं. आम्ही दोघं रिकाम्या गाडीत तासभर थांबलो, मग आगाराला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. भाऊ तिसऱ्या सीटवर बसून होते.

"अकरा दिवस आहेत अजून."

"मला माहीत आहे."

"रस्ता बंद झाला नसता तर..."

"रस्ते बंद होतात, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं, मुकटीपासून. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला दोन महिन्यांपासून माहीत होतं?" हो म्हटलं. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ती योग्य होती. भाऊंना स्टिअरिंगवरून उतरवून आगाराच्या गेटवर बसवलं. गाड्या किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर गेल्या, ते वहीत लिहायचं. छातीच्या डॉक्टरचा दाखला येईपर्यंत तेच काम. दाखला येईल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं.

डेपोत माझ्याशी काही जण बोलेनासे झाले. एकाने तोंडावर म्हटलं, "चार वर्षं भाऊ भाऊ केलं आणि शेवटी उतरवलंच." उत्तर होतं, पण दर वेळी तेच सांगायचं तर दिवस पुरत नाही. रोज सकाळी गाडी गेटमधून बाहेर पडायची तेव्हा भाऊ खाली बघून वेळ लिहायचे. वर बघायचे नाहीत. मीही हात केला नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी साडेसहाच्या गाडीत ते चढले. हातात आगाराचा पास होता. गाडी भरलेली होती, अर्ध्या तिकिटामुळे बायकांची गर्दी हल्ली रोजच असते. ते मागे, चाकावरच्या सीटवर जाऊन बसले. मी तिकिटं देत मागे पोचले.

"धुळे," त्यांनी पास पुढे केला.

मी पास बघून परत दिला. "आज सुट्टी?"

"धुळ्याच्या साहेबांकडे जायचंय. वही घेऊन बोलावलंय. म्हणाले, जिल्ह्यातले सगळे रस्ते लिहून आणा."

वही मांडीवर होती. पानं भरलेली दिसत होती. मी पुढे सरकले.

पाळधीच्या पुढे त्यांचा चेहरा पांढरा पडला. एरंडोलला गाडी थांबताच ते उठून माणसं ढकलत पुढे आले, दारात उभे राहून मोठे श्वास घेतले. मला वाटलं, उतरणार. पण ते दांडी धरून तिथेच राहिले. नवीन ड्रायव्हर खाली उतरून चहाच्या टपरीकडे गेला. त्याच्याकडे भाऊंनी बराच वेळ पाहिलं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"मळमळतंय. मागे कधी बसलोच नाही मी, ताई. तीस वर्षांत कधीच नाही. लोक कसे बसतात मागे?"

"बसतात."

मग भाऊ बाहेर बघतच म्हणाले, "तुम्ही केलं ते बरं केलं, असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका."

"पण दर गुरुवारी यायचंय मला. पुढची जागा ठेवत जा."

"पुढच्या बायकांच्या आहेत. तिसरी देते. खिडकीची."

ड्रायव्हर परत आला. मी डबल बेल दिली. तिसऱ्या सीटवर एक तरुण माणूस मोबाइल बघत बसला होता, त्याला उठवलं, आणि भाऊ तिथे जाऊन बसले.